आक्काला ऐकू येतंय तोवर

आमच्या बडोद्यातल्या प्रतापनगरच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्या दारावर अजून पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांनी लिहिलेलं आहे : प्लस बॉडीला. एकदा मराठीत, एकदा गुजरातीत, एकदा हिंदीत. दूधवाल्याने मला एकदा विचारलं, "बा, आ कोई मंत्र छे?" मी म्हटलं, हो, आत एक बाबा बसतात त्यांचा मंत्र आहे, तू दूध ओत आणि नीघ.

ते बाबा म्हणजे माझे भाडेकरू. आता नाहीत ते. वय झालं होतं, झोपेत गेले, चांगलं झालं. पण जुन्या गाड्यांची हौस असलेली माणसं अजून शेड बघायला येतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि एकमेकांना काहीबाही सांगत उभी राहतात. कुणी म्हणतं गाडी राजवाड्यातली होती. कुणी म्हणतं इंजिन विलायतेहून विमानाने आणलं. सगळं खोटं. इंजिन पादरा तालुक्यातल्या एका गावातून छोट्या टेम्पोने आलं आणि त्या टेम्पोत मागे इंजिनाला धरून मी बसले होते. म्हणून मीच लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे, एवढं लिहायला ते पुरतं.

शेड आम्ही मुलाच्या टेम्पोसाठी बांधली होती. मुलगा सुरतेला गेला, माझे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते ते रिटायर होऊन दुसऱ्याच वर्षी गेले, आणि शेडमध्ये मांजरं राहायला लागली. तेव्हा हा माणूस आला. खाकी अर्धी चड्डी, पांढरा शर्ट, खिशात तीन पेन्सिली. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांचे नकाशे काढायचे, त्यामुळे पेन्सिलीशिवाय बोलता येत नसे. टेम्पोमागे दोरीने बांधून एक गाडी ओढत आणली होती. लांब नाक, गोल डोळे, हिरवा रंग जागोजागी उडालेला. विलायती. तिची कंपनी केव्हाच बंद पडली, असं ते फार अभिमानाने सांगायचे, जणू बंद पडणं हीच मोठी गोष्ट.

"मालकीणबाई," ते मला म्हणाले, "पाच-सहा महिन्यांत आटपतं माझं."

त्यांची सगळी केसं पांढरी झाली तरी आटपलं नव्हतं.

आमच्या गल्लीत त्यांना ओरिजिनल काका म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. टोमणा होता हे त्यांना कधी कळलंच नाही. शेडमध्ये शिरताना चप्पल बाहेर काढायचे. काढलेला प्रत्येक स्क्रू बरणीत. माझ्या लोणच्याच्या बरण्या त्यांनी एकेक करून नेल्या आणि मी त्या वर्षी लोणचं घातलंच नाही. स्क्रू परत बसवला की त्याची खाच उभीच राहिली पाहिजे, आडवी नाही, तिरकी नाही. दरवाजाच्या आतल्या बाजूचे, कुणाला आयुष्यात दिसणार नाहीत असे स्क्रूसुद्धा. मी विचारलं, कोण बघतंय? म्हणाले, "स्क्रू." मी म्हटलं, बरं.

मंत्राची गोष्ट अशी. आपल्याकडच्या गाडीत बॅटरीची मायनस बाजू गाडीच्या अंगाला, म्हणजे बॉडीला जोडतात. या विलायती बाईचं उलटं होतं, तिची प्लस बॉडीला. आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीला हे कुठून ठाऊक असणार? त्याने आयुष्यभर जसं जोडलं तसं जोडलं, चावी फिरवली, आणि डायनामोतून असा धूर निघाला की शेजारची बाई बादली घेऊन धावत आली. ओरिजिनल काका त्या दिवशी शेडबाहेर ओट्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. डायनामो पुन्हा गुंडाळून आणायला अहमदाबादला गेले. आले आणि दारावर ते लिहिलं. नंतर कुणीही शेडकडे येताना दिसलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असला, तरी आतून ओरडायचे, "प्लस बॉडीला!"

मिस्त्री वाईट नव्हता. फार हसतमुख. पण त्याचं एक वाक्य होतं आणि ते वाक्य आणि ओरिजिनल काका एका शेडमध्ये मावत नव्हते.

"साहेब, सेम टु सेम लावी आपुं. कोई नहीं पहचाने."

"सेम टु सेम म्हणजे दुसरं!" काका कडाडायचे. "ते तेच असतं तर तू सेम म्हणाला असतास का? तेच म्हणाला असतास!"

मिस्त्री माझ्याकडे बघायचा. मी चहा गाळत असायचे. मला यात पडायचं नव्हतं.

तरी काकांचा म्हणून एक नियम होता आणि विचार केला तर तो बरोबर होता. झिजण्यासाठीच केलेलं असतं ते बदलायचं. झिजण्यासाठी केलेलं नसतं ते बदलायचं नाही. रबर, पट्टे, बेअरिंग, ब्रेकचं अस्तर ही सगळी मरायलाच आलेली, ती नवी आणली तरी पाप नाही. पण काचेची चौकट, दाराची कडी, स्टिअरिंग, त्यांना हात लावायचा नाही. आता पेट्रोलमध्ये काय काय मिसळतात, त्याने जुने रबरी पाइप आतून चिकट होतात. तेव्हा त्यांनी नव्या जातीचा पाइप घेतला आणि त्यावर जुन्या पाइपाचं विणलेलं कापडी कव्हर मोज्यासारखं चढवलं.

मी म्हटलं, "ही फसवणूक नाही का?"

"हे वस्त्र आहे," ते म्हणाले.

"आणि तुमच्या तोंडात आहेत ते दात कुठले? ओरिजिनल?"

ते पाइप घेऊन गाडीखाली सरकले. तिथूनच आवाज आला, "दात झिजण्यासाठीच असतात."

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षं एवढा सगळा खटाटोप चालला होता आणि बॉनेट उघडलं की आत काय? जीपचं डिझेल इंजिन. काळं, बेढब, घामट. माझ्या यजमानांच्या संगतीने मला इंजिनाचं तोंड थोडंफार कळतं. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "हे काय? घोड्याच्या अंगात रेडा?" त्यांनी बॉनेट लावलं. कापडाने ते इंजिन झाकून ठेवायचे, घरात नको असलेल्या पाहुण्यासारखं. त्या इंजिनाचा एकही स्क्रू त्यांनी उभा केला नाही.

ते कसं आलं हे मला त्यांच्या बहिणीने सांगितलं.

बहीण म्हणजे आक्का. त्यांच्याहून मोठी. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. दोघं बहीणभाऊ नागरवाड्यात राहायचे. संस्थानच्या काळात त्यांचे आजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, म्हणून घरात पुस्तकं आणि अकड दोन्ही भरपूर. मी एकदा भाड्याच्या करारावर सही घ्यायला गेले तेव्हा आक्कांनी मला बसवलं, पोहे दिले आणि विचारलं, "अजून खोटंच इंजिन आहे ना?"

गाडी त्यांच्या वडिलांची. आक्का त्या गाडीवर चालवायला शिकल्या. नागरवाड्यातून मुलगी गाडी चालवत निघाली की लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. वडील शेजारी बसायचे आणि म्हणायचे, इंजिन काय म्हणतंय ते ऐक, रस्ता नंतर बघ. वडील गेले. आक्का पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेल्या. मागे हा भाऊ, वय पंचविशीचं, हुशार. पेट्रोल महागलं होतं. तेव्हा बडोद्यात पुष्कळांनी विलायती गाड्यांची इंजिनं काढून डिझेलची बसवली. यानेही बसवलं. जुनं भंगारवाल्याला दिलं. आक्का परत आल्या त्या दिवशी भाऊ स्टेशनवर गाडी घेऊन गेला. आक्का बाहेर आल्या, इंजिन चालू होतं, उभ्या राहिल्या, ऐकलं.

"हा टेम्पो कुणाचा?" असं विचारलं आणि टांगा करून घरी गेल्या.

तेव्हापासून गाडीत बसल्या नाहीत. भावाशी बोलणं सगळं व्यवस्थित, राखी, भाऊबीज, आजारपण, सगळं. गाडी सोडून. एकदा आक्कांना ताप चढला होता, तर त्या रिक्षात पुढे आणि हे गाडी घेऊन मागे, असे सयाजीगंजच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांना वाटलं दोन वेगळे पेशंट आहेत.

"रागावला होतात का एवढ्या?" मी विचारलं.

"राग कशाचा?" आक्का म्हणाल्या. "ती ती गाडी नव्हती. नसलेल्या गाडीत बसायचं कसं?"

मला तेव्हा कळलं की वेड एकट्या भावाला नाही.

त्याच सुमारास आक्कांचा डावा कान गेला. उजवा जायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत, यंत्र लावून घ्या. आक्कांनी यंत्र लावायला साफ नकार दिला. म्हणाल्या, यंत्रातून येतो तो यंत्राचा आवाज. भावाने हात जोडले, भांडला, उपयोग नाही. मग हा माणूस माझ्या शेडमध्ये येऊन गाडीच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलला.

"मालकीणबाई, मला तेच इंजिन हवंय. आक्काला ऐकू येतंय तोवर. नंतर आणून काय करू?"

भंगारवाल्याने ते पादरा तालुक्यात कुणाला तरी विकलं होतं, एवढंच माहीत. भंगारवाला केव्हाच मेलेला. तेव्हा खेडोपाडी पिठाच्या घंट्या, म्हणजे आपल्या गिरण्या, विहिरीचे पंप, मिळेल त्या इंजिनावर चालायचे. दर रविवारी हे बस पकडून तिकडे जायचे. पिशवीत तारेचा ब्रश, घासलेटची बाटली आणि चिंधी. गावात शिरायचं, घंटी कुठे विचारायचं, कोपऱ्यातलं इंजिन घासून नंबर बघायचा. नंबर पाठ होता. दात घासताना पुटपुटायचे, पाढ्यासारखा. लोकांना वाटायचं सरकारी माणूस आहे, वीजचोरी पकडायला आलाय. एका गावात कुत्रं मागे लावलं. एका गावात जावईबापूंसारखं जेवायला घातलं. इंजिन मिळेना. आणि मिळणार कसं? सगळीकडे विजेच्या मोटारी आल्या. जुनी इंजिनं वितळवून त्यांचे तवे झाले असतील, असं मी म्हटलं. त्यांनी दोन दिवस माझा चहा घेतला नाही.

आणि ते मला मिळालं! मला. मी शोधायला गेलेच नव्हते. भाचीच्या घरी त्या बाजूच्या एका खेड्यात बारशाला गेले होते. घरातलं पीठ संपलं, मी म्हटलं द्या इकडे डबा, मी दळून आणते, घरात नुसता गोंधळ होता. घंटीवर गर्दी. मी कोपऱ्यात पोत्यावर बसले. ते पोतं मऊ नव्हतं. उठून बघते तर खाली लोखंड. पोतं बाजूला केलं. लालभडक! अंगभर कुंकू आणि तेल, बोटभर जाड थर, वर वाळलेली झेंडूची फुलं. घंटीच्या इंजिनाला एकच मोठं पोट असतं. याला वर एका ओळीत चार भोकं. चार! पेट्रोलच्या गाडीचं!

माझ्या हातातला डबा तिथेच राहिला. बाहेर येऊन काकांना फोन केला.

"चार भोकं आहेत. एका ओळीत."

पलीकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला. 

"बाजूला उंचवटा आहे?" हळूच विचारलं. "नंबराचा. गाडी चालवणाऱ्याच्या हाताला."

"कुंकवाखाली काय आहे ते मला दिसत नाही. तुम्ही या."

तासाभरात आले ते! भरउन्हात, रिक्षा करून, चड्डीवरच. घंटीवाला पासष्टीचा, जाडजूड, अंगभर पीठ. त्याला वाटलं भाचीच्या घरच्या बारशाचा आहेर घेऊन आलेत. काकांनी घासलेटमध्ये चिंधी भिजवली आणि घासायला लागले. लाल पाणी खाली ओघळत होतं, बायका डबे घेऊन पुढे सरकल्या. पहिला आकडा निघाला. मग दुसरा. ते मोठ्याने नंबर म्हणत होते आणि आकडा मागून निघत होता, आधी तोंडात, मग लोखंडावर. शेवटचा आकडा निघाला तेव्हा बायकांनीसुद्धा त्यांच्याबरोबर म्हटला. मी सांगते, देवळात आरती होते तसं झालं.

गंमत अशी की त्या कुंकवानेच ते इंजिन वाचवलं. घंटीवाल्याच्या बापाने ते घासलेटवर चालवलं होतं. वीज आल्यावर बंद झालं, पण दर दसऱ्याला तेल लावून, कुंकू वाहून पूजा व्हायची. त्या थरातून गंज आत शिरलाच नाही.

पण घंटीवाला द्यायला तयार होईना.

"बेन, आ तो बापानुं एन्जिन. पूजानुं लोखंड वेचाय?"

पूजेचं लोखंड कसं विकायचं, असं त्याचं म्हणणं. काकांनी हवं ते देईन म्हटलं. तो मान हलवत राहिला. पैशाचं नव्हतंच ते. मी विचारलं, "भाई, तुमची अडचण काय आहे ते सरळ बोला."

तो म्हणाला, "दशेराए पूजा कोनी करुं? खाली खूणानी?"

बरोबर होतं त्याचं. रिकाम्या कोपऱ्याची पूजा कशी करणार? मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. दोघांच्या डोक्यात एकदमच आलं. शेडमध्ये कापडाखाली झाकलेला रेडा! चालू स्थितीतला! वीज गेली की पीठ दळायला उपयोगी पडेल असा!

चार दिवसांनी आम्ही डिझेल इंजिन टेम्पोत घालून नेलं आणि विलायती इंजिन परत आणलं. घंटीवाल्याच्या सुनेने आमच्यासमोर डिझेलला कुंकू लावलं, जुन्याला नारळ दिला. इतक्या वर्षांत त्या डिझेल इंजिनाकडे कुणी प्रेमाने बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

येताना मी इंजिनाला धरून बसले होते, कारण दोरी तुटायच्या बेतात होती आणि काका चिंधीने नंबर पुसत बसले होते. 

मग भांडण सुरू झालं ते चिरेवरून. इंजिन धुतल्यावर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या धडाच्या, बाजूला वीतभर चीर दिसली. जुनी, कुणीतरी ओबडधोबड वेल्डिंग मारलेली. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबातले एक साहेब यायचे, पांढरे बूट, चांगला माणूस, मनापासून मदत करायचा. त्यांनी लगेच मोबाईलवर फोटो दाखवला.

"काका, इंग्लंडमें पूरा ब्लॉक मिलता है. यही मॉडेल, यही साल. एकदम ओरिजिनल. राजवाड्याच्या मैदानावर मेळा आहे ना, पहिला नंबर पक्का."

"ओरिजिनल कुणाचं?" काका म्हणाले.

"मतलब?"

"ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं आहे. त्याच्या बहिणीला द्या."

"पर ये फटेगा, काका! गरम झालं की चीर उघडणार. लोखंड आहे, सेंटिमेंट नाही."

त्यात साहेबांचं काही चुकत नव्हतं. मी काकांना तेच सांगितलं. ब्लॉक फाटला तर आक्कांना ऐकायला काय उरेल? फटाका? पण हा माणूस हट्टी. जुनं वेल्डिंग घासून काढलं, चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून ती तिथेच थांबवली, आणि चिरेवर लोखंडाचे छोटे खिळे एकमेकांत अडकवत ओळीने ठोकले, गोधडीला टाके घालतात तसे. मिस्त्री भोकं पाडायचा, हे ठोकायचे. पिस्टनच्या रिंगा नव्या, बेअरिंग नवी, व्हॉल्व्ह नवे, मरायला आलेलं सगळं नवं. गिअरबॉक्स विकलाच नव्हता, तो इतकी वर्षं नागरवाड्यात त्यांच्या पलंगाखाली जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला होता. पाठीला टोचत नाही का, विचारलं तर म्हणाले, टोचावं म्हणूनच ठेवला.

दर दोन दिवसांनी मी आक्कांना फोन करायचे. आधी नेहमीच्या आवाजात बोलायचे. मग मोठ्याने. मग ओरडून. काका माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, मी किती जोरात बोलते त्यावरून त्यांना हिशेब कळायचा. एप्रिल उजाडला तेव्हा मी एवढी ओरडत होते की समोरच्या घरातून उत्तर यायचं.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी मी पोळ्या करत होते. हँडल मारल्याचा आवाज, शिव्या, पुन्हा हँडल. मग एक ठसका. आणि मग... कसं सांगू? शिलाई मशीन चालतं तसा मऊ आवाज, पण खाली पोटातून खर्ज. मी पीठभरल्या हातांनी धावले. मिस्त्री नाचत होता. क्लबवाले साहेब फोन धरून व्हिडिओ काढत होते. काका चिरेवर बोट ठेवून उभे होते, तोंडावर बोट ठेवतात तसं. "गळत नाही," ते म्हणाले. "गळत नाही, गळत नाही!"

"आता जा," मी म्हटलं. "आत्ता."

"टेस्ट करो पहले," साहेब म्हणाले. "दो-चार दिन."

"दोन-चार दिवसांनी माझा घसा नसेल," मी म्हटलं. तवा उतरवला, हात धुतले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी होती. काकांना रस्ता आणि काटा दोन्ही एकदम दिसत नव्हते. साहेब आपल्या गाडीतून मागे निघाले.

प्रतापनगरच्या पुलावर चढेपर्यंत मी राणीसारखी बसले होते. स्कूटरवाले वळून बघत होते, वर्कशॉपमधून सुटलेली माणसं हात करत होती. पुलाच्या ऐन चढावर ट्रॅफिक अडकला. पुढे कुठेतरी बस बंद पडलेली. आम्ही उभे. दुपारचं ऊन. काटा सरकायला लागला.

"अर्ध्याच्या वर," मी म्हटलं.

"हं."

"पाऊण."

साहेब गाडी सोडून पळत आले. "काका, बंद करो! फट जाएगा! बंद करो!"

"बंद केली तर पाणी फिरायचं थांबेल, आणखी तापेल," काका म्हणाले. घाम गळत होता. "आणि आज पुन्हा चालू होणार नाही."

"लाल रेघ!" मी ओरडले. आक्कांमुळे ओरडायची सवय झालीच होती. "रेघेला टेकला!"

त्यांनी डॅशबोर्डाखाली हात घातला, एक पितळी तोटी फिरवली आणि एक बटण ओढलं. आमच्या पायांवर भट्टीचं दार उघडावं तशी हवा आली! इंग्लंडातल्या थंडीसाठी त्या गाडीत हीटर होता. एप्रिलच्या बडोद्यात, भर दुपारी, या माणसाने हीटर लावला! इंजिनाची आग घेऊन ती आमच्या अंगावर सोडत होता. माझ्या पोटऱ्या भाजल्या. लुगडं वर घेऊन मी पाय सीटवर घेतले आणि काट्याकडे बघत राहिले. थांबला. थरथरला. रेघेखाली आला.

"उतरतोय!" मी म्हटलं. "उतरतोय हो, उतरतोय!"

साहेब खिडकीशी उभे होते. "काका, आप पागल हो," ते म्हणाले आणि हसायला लागले. मग स्वतःच पुढे पळाले, हात करकरून स्कूटरवाल्यांना बाजूला काढलं आणि आमच्यासाठी वाट केली. टाके तुटले नाहीत. चीर उघडली नाही. उतारावर वारा लागला तेव्हा मी लिंबासारखी पिळून निघालेली होते.

नागरवाड्यात आम्ही घरासमोर उभे राहिलो. काकांनी हॉर्न वाजवला नाही. इंजिन चालू ठेवलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. खाली उतरायचं धैर्य नव्हतं त्यांच्यात. मीच उतरून दार ठोठावणार होते, पण खिडकीत आक्का दिसल्या. मग दिसेनाशा झाल्या. जिन्यावर काठीचा आवाज. एकेक पायरी. किती वेळ लागला!

त्या बाहेर आल्या. भावाकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीच्या नाकाला वळसा घालून आल्या, उजवा कान बॉनेटच्या अगदी जवळ नेला, हात पत्र्यावर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. लोक ओट्यावर येऊन उभे. मला वाटलं, संपलं. काही ऐकू येत नाहीये हिला. आम्ही उशीर केला.

"एक चुकतोय," आक्का म्हणाल्या.

"काय?" काका खिडकीतून म्हणाले.

"चारातला एक चुकतोय रे. ऐकू येत नाही का तुला? तीन म्हणतायत आणि एक अडखळतोय."

मी कान दिला. मला काही कळलं नाही. पण हा माणूस गाडीतून असा उतरला, जसं कुणी पंचविशीतला उतरतो! बॉनेट उघडलं. प्लगच्या वायरी एकेक करून काढून लावायला लागला. पहिली काढली, इंजिन डगमगलं. लावली. दुसरी, डगमगलं. तिसरी काढली, काही फरक नाही. तिसरा! प्लग काढला, काळा झाला होता. पुलावर खाल्लेली काजळी. खिशातून तारेचा ब्रश निघाला, तिथेच ओट्यावर बसून घासला, फुंकला, बसवला. साहेबांनी वायर लावली. सगळे मिळून आक्कांकडे बघत होते, परीक्षेचा निकाल असावा तसे.

आक्कांनी पुन्हा कान दिला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता आपलं आहे." मग भावाच्या पाठीत एक धपका घातला. लहान पोराला घालतात तसा. "मूर्ख."

काकांचं तोंड असं झालं होतं की मी दुसरीकडे बघितलं. मला असलं बघवत नाही.

मी परत पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. घरी जायचं होतं, पोळ्या अर्ध्यावर टाकून आले होते. आक्का काठी टेकत माझ्या दाराशी आल्या. दार उघडलं.

"उठा हो," म्हणाल्या. "ती माझी जागा आहे."

मी उठले. त्या बसल्या, काठी पायांशी घेतली, उजवा कान इंजिनाकडे केला. गाडी गल्लीतून वळून निघून गेली. मी नाक्यावर आले आणि रिक्षा केली.